झेंडू लावा, पण कधी आणि किती?

संपादक महोदय,

चवथ (गणेश चतुर्थी) झाली की गोव्यातल्या परसात भाजीचे वाफे ओढायला सुरुवात होते. हल्ली त्याच सुमारास मोबाइलवर एक तक्ताही फिरू लागतो: कोणत्या भाजीशेजारी कोणती लावावी आणि कोणती लावू नये. टोमॅटोला तुळस मानवते, चवळीचे कांद्याशी जमत नाही, झेंडू तर सगळ्यांचाच सोबती. तक्ता रंगीत असतो, वाचायला सोपा असतो. त्यात हंगाम नसतो, अंतर नसते, रोपांची संख्या नसते आणि हा खटाटोप कोणत्या किडीसाठी करायचा याचाही पत्ता नसतो. वर्तमानपत्रांच्या शेतीविषयक मजकुरातही हाच तक्ता वेगवेगळ्या वेशात येऊ लागला आहे, म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

हे तक्ते बहुतेक थंड मुलखातले आहेत. तिथे बर्फ वितळले की बाग सुरू होते, उन्हाळाभर चालते आणि पुन्हा हिम पडू लागले की संपते. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. टोमॅटो, कोबी, नवलकोल, मुळा यांचा खरा हंगाम ऑक्टोबरअखेरीस उघडतो. शिवाय भाषांतरात गंमती होतात. टोमॅटोशेजारी लावायची म्हणून सांगितलेली ‘बेसिल’ ही सब्जाच्या कुळीतली. ती तक्त्यात आली ‘तुळस’ होऊन, आणि लोक वृंदावनातल्या मंजिऱ्या नेऊन टोमॅटोच्या वाफ्यात पेरू लागले. तुळशीने टोमॅटोचे काही बिघडत नाही, पण ज्या झाडाबद्दल सांगितले होते ते हे झाडच नव्हे.

सावलीचेही तेच. ‘उंच झाडे उत्तरेला लावा’ हा नियम लंडनच्या अक्षांशाला जीवनमरणाचा आहे. डिसेंबरच्या दुपारी तिथे दोन मीटर उंच झाडाची सावली सात मीटरच्या आसपास पडते. गोव्यात त्याच दिवशी, त्याच वेळी ती जेमतेम दीड-पावणेदोन मीटर पडते आणि एप्रिलअखेर व ऑगस्टच्या मध्यास तर सूर्य डोक्यावरून जातो. म्हणजे सात शिरांची भेंडी पुरुषभर वाढली तरी हिवाळी वाफ्यात तिच्यापासून उत्तरेला दोन मीटर सोडले की मिरचीला पुरेसे ऊन मिळते. पावसाळ्यात दिशेपेक्षा दोन झाडांमधून वारा खेळतो की नाही हे पाहावे.

आता झेंडूकडे येऊ, कारण सर्वांत जास्त घोळ तिथेच आहे. झेंडू दोन वेगळी कामे करतो. त्या दोन्ही कामांची वेळ वेगळी, मांडणी वेगळी. तक्त्यात दोन्हींचा काला होतो.

पहिले काम सापळ्याचे. टोमॅटोतील फळ पोखरणाऱ्या अळीची मादी झेंडूच्या कळ्या-फुलांवर अंडी घालणे पसंत करते. बेंगळूरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने बसवून दिलेली पद्धत अशी की २५ दिवसांच्या टोमॅटोच्या रोपांबरोबर ४५ दिवसांची आफ्रिकन झेंडूची उंच रोपे लावायची, टोमॅटोच्या दर १६ ओळींना झेंडूची एक ओळ. वयातला हा वीस दिवसांचा फरक म्हणजेच सगळी युक्ती. टोमॅटो फुलोऱ्यात येताना झेंडूही फुललेला हवा. आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या तोरणांसाठी झेंडू जुलैत पेरला जातो. नोव्हेंबरात लावलेला टोमॅटो डिसेंबरात फुलतो तोवर त्या झेंडूची वाळून बोंडे झालेली असतात. ‘झेंडू लावला तरी अळी आलीच’ ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते.

आणि सापळा लावून विसरायचा नसतो. झेंडूची कळी उलगडून पाहिली तर पाकळ्यांच्या बुडाशी खसखशीच्या दाण्याएवढे फिकट पिवळसर अंडे दिसते. तीन-चार दिवसांत त्यातून अळी निघते. दर दोन-तीन दिवसांनी संशयित कळ्या-फुले खुडून साबणाच्या पाण्यात बुडवावी लागतात. ते केले नाही तर आपण अळीची रोपवाटिकाच चालवत असतो. परसात १६ ओळी कुणाच्या असणार? तीस-चाळीस टोमॅटोंच्या वाफ्याला दोन टोकांना मिळून चार-पाच झेंडू पुरतात. याहून जास्त लावले तर टोमॅटोची जागा जाते, बाकी काही मिळत नाही.

दुसरे काम सूत्रकृमींच्या, म्हणजे मातीतल्या सूक्ष्म कृमींच्या, बंदोबस्ताचे. मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींना झेंडूच्या जिवंत मुळांतले अल्फा-टर्थिएनिल हे द्रव्य मारक ठरते. पण सूत्रकृमी त्या मुळाशी यायला हवा. कडेला लावलेल्या दोन झेंडूंचा मधल्या टोमॅटोला उपयोग नाही. त्यासाठी अख्खा वाफा झेंडूने भरावा लागतो, २० ते २५ सेंटिमीटर अंतरावर, निदान दोन-अडीच महिने, मध्ये तण न ठेवता, कारण तणांच्या मुळांवर सूत्रकृमी मजेत जगतात. मग झाडे तिथेच चिरून मातीत मिसळायची आणि पुढचे पीक घ्यायचे. गंमत अशी की आपला दसऱ्याचा झेंडू सापळा म्हणून निरुपयोगी असला तरी या कामाला नेमका वेळेवर येतो: जुलैत पेरा, ऑक्टोबरात फुले तोडा, झाडे मातीत घाला, त्याच वाफ्यात नोव्हेंबरात टोमॅटो. फक्त वाफा गादीवाफा हवा, जमिनीपासून २० सेंटिमीटर तरी उचललेला, नाहीतर श्रावणातल्या पाण्यात झेंडूचीच मुळे कुजतात. हा परिणाम एका हंगामापुरता असतो आणि सूत्रकृमीच्या व झेंडूच्या जातीनुसार कमीजास्त होतो, हेही सांगायला हवे.

कोबी-फुलकोबीवर येणाऱ्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगासाठी मोहरीचा सापळाही असाच तपासलेला आहे. कोबीच्या २५ ओळींना मोहरीची जोडओळ. तिच्यातली एक ओळ कोबी लावण्यापूर्वी १५ दिवस आणि दुसरी लावणीनंतर २५ दिवसांनी पेरायची, म्हणजे पहिली ओळ निबर झाली की पतंगाला दुसरी कोवळी मिळते. परसात वाफ्याच्या दोन्ही टोकांना फोडणीची मोहरी पेरली तरी चालते. जुन्या पत्रकांत त्या मोहरीवर डायक्लोरव्हॉस फवारा असे छापलेले आढळेल. ते कीटकनाशक देशात आता बंद आहे. घरच्या बागेत मोहरीवर पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा: लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळीच्या गराची भरड रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्याने गाळायची, थोडे साबणाचे पाणी घालून त्याच दिवशी वापरून टाकायची. शिळा अर्क काम करत नाही आणि दुपारच्या उन्हात फवारलेलाही लवकर निकामी होतो.

भेंडी-मिरचीभोवती मक्याच्या दोन-तीन ओळींचे कुंपण करा असे सांगतात. हेही खरे, पण अर्धेच. मिरचीचा मोझॅक विषाणू मावा आपल्या सोंडेच्या टोकावर क्षणभर वाहून नेतो. वाटेत मक्यावर उतरून त्याने सोंड टोचली की विषाणू तिथेच पुसला जातो. भेंडीची पाने पिवळी करणारा हळद्या विषाणू मात्र पांढऱ्या माशीच्या शरीरात मुरलेला असतो, तो मक्यावर पुसला जात नाही. तिथे मका फक्त भिंतीचे काम करतो आणि माशी वरून येऊ शकते. म्हणून मिरचीला हे कुंपण जास्त फळते. मका मुख्य पिकाच्या दोन-तीन आठवडे आधी पेरायला हवा. एकाच दिवशी पेरला तर रोपे कोवळी असताना, म्हणजे रोग सर्वांत महाग पडतो तेव्हा, कुंपण गुडघाभरच असते.

शेंगवर्गीय पिकांबद्दलचा समज तर शाळेच्या पुस्तकापासून घट्ट बसला आहे: चवळी शेजारच्या वांग्याला नत्र देते. चवळी नत्र बांधते हे खरे. पण ते स्वतःसाठी बांधते. शेजाऱ्याला मिळतो तो वाटा मुख्यतः तिची मुळे आणि पाला कुजल्यावर, म्हणजे पुढच्या पिकाला. दाणे पूर्ण वाळवून काढले तर बांधलेल्या नत्राचा मोठा भाग दाण्यांतून घरात येतो. वायंगणात (पावसाळ्यानंतरच्या हंगामात) भातानंतर अळसांदे (आपली गावठी चवळी) घेण्याची आपली रीत म्हणूनच शहाणपणाची आहे. उरलेल्या ओलीवर पीक येते आणि त्याची मुळे पुढच्या भाताला लागतात. परसात हाच फायदा हवा असेल तर शेंगा संपल्यावर चवळी उपटू नये, जमिनीलगत कापावी.

नत्र बांधले जाते की नाही हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. चवळी फुलोऱ्यात असताना एक झाड फावड्याने मातीच्या ढेपेसकट काढा. हाताने ओढले तर गाठी मातीतच तुटून राहतात. मुळे पाण्यात हलवून धुवा आणि मुगाच्या दाण्याएवढी गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लालसर असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर चवळी इतर पिकांसारखी तुमचेच खत खात आहे. आपल्या जांभ्या मातीत हे वारंवार दिसते, कारण माती आम्लधर्मी आणि स्फुरद त्यात अडकून बसलेले. रायझोबियमची बीजप्रक्रिया करून पाहावी, पण चुना मात्र मातीपरीक्षणाशिवाय टाकू नये. मिरचीच्या ओळींत चवळी घालतानाही जपून: चवळीच्या शेंड्यावरचा काळा मावा चित्रांग भुंग्यांना बोलावतो ही चांगली बाजू, तोच मावा मिरचीच्या मोझॅकचा वाहक ठरतो ही वाईट.

वांग्यासोबत कोथिंबीर हा मेळ चांगला आहे, फक्त कोथिंबीर खायची घाई नडते. लहान परजीवी गांधीलमाश्या आणि फुलमाश्यांना मध हवा असतो, तो तिच्या छत्रीसारख्या फुलांत मिळतो, पानांत नाही. दर तिसरे-चौथे झाड फुलायला सोडावे. एवढे करूनही शेंडे व फळ पोखरणारी अळी येतेच. वांग्याचा शेंडा सकाळीही मान टाकून दिसला की छिद्राच्या बोटभर खालून छाटून नष्ट करायचा, आठवड्याला एकदा, न चुकता. आगशीच्या वांग्यांचे जुने बागायतदार हेच करतात आणि त्याला पर्याय म्हणून कोणतेही सोबतीचे झाड नाही.

आता तक्ते ज्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत ते. गोव्यात वांगी-टोमॅटो-मिरचीचा पहिल्या नंबरचा शत्रू म्हणजे जिवाणूजन्य मर. काल टवटवीत असलेले झाड आज पान न पिवळवता कोमेजते. खोड जमिनीलगत तिरके कापून त्याचा बोटभर तुकडा काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात टांगून धरा. पाच-दहा मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ धागा खाली उतरू लागला तर मर जिवाणूचीच. यावर झेंडू, लसूण, तुळस कशाचाही इलाज चालत नाही. उलट वांगी, टोमॅटो, मिरची ‘एकाच घरातली म्हणून’ एका वाफ्यात लावली की रोग पाण्याबरोबर एका मुळावरून दुसऱ्यावर जातो. आलेही याच गटातल्या जिवाणूला बळी पडते, म्हणून मर लागलेल्या वाफ्यात लगेच आले घालू नये. अर्का केशव, अर्का निधी, अर्का नीलकंठ ही वांगी आणि अर्का रक्षक हा टोमॅटो या मरीला बऱ्यापैकी तोंड देतात. शेजारी काय लावायचे याआधी मुळात कोणती जात लावायची हे ठरले पाहिजे.

साधा नियम असा की दोन पिकांचे शत्रू एकच असतील तर ती सोबती नव्हेत. भेंडी आणि वांगी: दोन्हींवर तुडतुडे, दोन्हींच्या मुळांवर सूत्रकृमी. दोडकी, कारली, तवशी (काकडी), दुधी, पडवळ एकाच मांडवावर: फळमाशीला पंगत. मांडव एकच असेल तर निदान क्यू-ल्यूर या नर फळमाश्यांना ओढणाऱ्या गंधाचा सापळा टांगावा आणि गळालेली, डंखलेली फळे रोज उचलून खोल पुरावीत. झाडाखाली सोडलेले एक किडके दोडके पुढच्या आठवड्याची माशी पोसते.

मग मिश्र लागवडीचा खात्रीचा फायदा कोणता? वेळेची वाटणी. वांगी ६० सेंटिमीटरवर लावली की पहिले पाच-सहा आठवडे मधली जमीन मोकळीच असते. तिथे तांबडी भाजी २५ ते ३० दिवसांत, मुळा ४० ते ४५ दिवसांत निघून जातो आणि वांग्याची पाने एकमेकांना भिडायच्या आत जागा रिकामी होते. यात कुणाचा वास कुणाला पळवत नाही, कुणाची कुणाशी मैत्री नाही. पण तण कमी येते आणि एका वाफ्यातून दोन भाज्या मिळतात. मुळा उशिरा काढला तर मात्र वांग्याची मुळे दुखावतात, म्हणून तो जून होऊ देऊ नये. ही पद्धत पावसाळ्यात तशीच उचलू नये. ‘एक इंचही जागा उघडी ठेवू नका’ हा सल्ला कोरड्या हवेतला आहे. आषाढात दाट लावलेल्या तवशीच्या पानांवर केवडा रोग पसरायला चार दिवस पुरतात. माटोळीला (चवथीत गणपतीवर टांगलेल्या फळाभाज्यांच्या चौकटीला) टांगायला तवशे हवे असेल तर वेल मोकळा सोडा.

खरे तर सोबतीच्या लागवडीचे आपले पुस्तक अंत्रुजात (फोंडा भागात), सत्तरीत, सांग्यात उघडे पडले आहे. कुळागरात नारळ, सुपारी, सुपारीवर चढवलेली मिरी, खाली केळी, अननस, जायफळ: उंचीची, उन्हाची आणि मुळांची वाटणी तिथे आधीच झालेली आहे. नारळाची कामाची बहुतेक मुळे बुंध्यापासून दोन मीटरच्या आत असतात. म्हणून परसातल्या माडाखाली भाजी लावायची तर त्या वर्तुळाबाहेर. माड आठ वर्षांचा होईपर्यंत आणि पुन्हा पंचवीस वर्षांनंतर खाली बरे ऊन येते. मधल्या काळात तिथे भाजीचा हट्ट न धरता हळद किंवा सुरण लावावे. हा हिशेब कुठल्याच फिरत्या तक्त्यात मिळत नाही.

विश्वासार्ह मार्गदर्शन कुठे मिळेल असे वाचक विचारतात. जुने गोवे येथे एला फार्मवर केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, उत्तर व दक्षिण गोव्यात कृषी विज्ञान केंद्रे आहेत, तालुक्याला विभागीय कृषी कार्यालय आहे. तिथे जाताना ‘टोमॅटोशेजारी काय लावू?’ असे विचारू नये, त्याला उत्तरही तसेच मोघम मिळते. ‘नोव्हेंबरात लावलेल्या टोमॅटोच्या फळाला भोक पडते, आत अळी असते, चाळीस झाडे आहेत’ असे सांगावे, शक्यतो ते फळ घेऊनच जावे. कोणत्याही सल्ल्याला चार गोष्टी विचाराव्यात: कोणत्या किडीसाठी, किती रोपांमागे किती, कोणाच्या किती दिवस आधी, आणि हे कोणत्या हवामानात पाहिले? चारांपैकी दोनही उत्तरे मिळाली नाहीत तर तो सल्ला शोभेचा समजावा.

घरी पडताळायचे तर एकच मिश्र वाफा लावून ‘छान आले’ म्हणणे पुरेसे नाही. सारख्या मापाचे तीन वाफे करा: एकात फक्त वांगी, एकात फक्त चवळी, एकात दोन्ही. हंगामभर तोडा वजन करून लिहा. समजा एकट्या वांग्याचे २० किलो आले, एकट्या चवळीचे ८ आणि मिश्र वाफ्यात १५ किलो वांगी व ३ किलो चवळी. १५ भागिले २० म्हणजे ०.७५; ३ भागिले ८ म्हणजे ०.३७५; बेरीज १.१२५. बेरीज एकाच्या वर गेली म्हणजे मिश्र वाफ्याने जागेचा जास्त उपयोग केला. एकाच्या खाली राहिली तर दोघे एकमेकांच्या ताटात जेवत होते. एका वर्षाच्या आकड्यावर मात्र जाऊ नये, कारण पाऊस दरवर्षी सारखा नसतो.

आपल्याला विनंती अशी की शेतीविषयक मजकुरात सोबतीच्या पिकांचा सल्ला छापताना हंगाम, अंतर आणि कीड या तीन गोष्टी नसतील तर तो परत पाठवावा. आणि कृषी खात्याने मोरड (उंचावरची), खेर (मधली वालुकामय) व खाजन (खाऱ्या पाण्यालगतची सखल) अशा तिन्ही जमिनींसाठी महिनावार असे एक पानी पत्रक काढावे, त्यात तपासलेली जोडी आणि नुसती ऐकीव जोडी वेगवेगळी दाखवावी. ते पत्रक दिवाळी अंकासोबत येऊन उपयोग नाही. ५ नोव्हेंबरला टोमॅटो लावायचा असेल तर त्याचे बी ११ ऑक्टोबरला टाकावे लागते आणि सापळ्याच्या झेंडूचे २१ सप्टेंबरला. वाचकाच्या हातात ते सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पडायला हवे.

आपला,
एक कृषी पदवीधर वाचक
फोंडा, गोवा